न आपटलेलं लाकूड

१

दिवस उजाडला की बाया आधी देवापुढं उभ्या राहतात. मी आधी राख वाचते. हसायचं असंल तर हसा, पण माझं सरपण बघितलं की भवानी पेठेतल्या भल्याभल्या बाया गप बसतात.

घरामागं पत्र्याचं शेड हाय, त्यात माझ्या तीन चुली. सकाळी सातला पेटतात, दुपारी दोनला विझतात. कामाला येणारी शरणम्मा विकायच्या भाकरी थापते, मी भाजते, आन मग चुलीच्या उबेला वाळवून कडक करते. अकरा वर्षं आमचं हेच चाललंय. पूर्वी सरपण बाहेर अंगणात असायचं. एका अवकाळी पावसात सगळं भिजलं आन आमी आठ दिवस नुसता धूर खाल्ला. तवापासून लाकडं शेडातच, चुलीपासून चार हात लांब.

आता चुलीची ऊब कुणाला नको? विंचू, घोण, वाळवी, उंदीर, सगळे पाव्हणे तितंच येतात. म्हणून माझी थप्पी इटांवर असते, जमिनीपासून चार बोटं वर. भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मागनं वारा फिरतो. खाली कडुलिंबाचा पाला. आन भोवतीनं राखेची रेघ. करवंटीत बारीक राख घ्यायची आन चिमटीनं सोडत जायचं. रेघेची दोन टोकं जुळली की तितं मी अंगठ्यानं एक फुली मारते. का मारते ते इचारू नका, हाताची खोड हाय.

सकाळी त्या राखेत सगळं उमटलेलं असतं. उंदीर कुटनं आला, किती आले, घोण कुटं शिरली. घोणीच्या शंभर पायांची चाल तर उशीला टीप मारल्यागत दिसते.

शेवटची गोष्ट सासूनं शिकवलेली. लाकूड चुलीत घालायच्या आधी जमिनीवर दोनदा आपटायचं, आन एक श्वास थांबायचं. "आत जीव असंल तर त्याला निघून जाऊ दे, केराबाई. मग घाल." सासू तोंडानं लई फटकळ बाई, पण मुंगी जळाली तर दिवसभर जेवायची न्हाय. मी बी तीस वर्षं आपटत आले. ठक, ठक, एक श्वास, आन मग चूल.

एवढं सगळं सांगतेय कारण त्या दिवसांत घरात माझी सून पूनम व्हती, आठव्या महिन्याची. आदल्या वर्षी तिचं पाचव्या महिन्यात गेलं व्हतं. तिला आई न्हाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरी करणार कोण? म्हणून मी म्हणलं, हितंच करू. डॉक्टरनं हिंडू नको म्हणून सांगितलेलं, तर ती मधल्या खोलीत बाजेवर पडून असायची. शेड आन मधली खोली, मधे एक दार. मी भाजता भाजता हाक मारायची, "पूनम, पाणी प्यालीस का गं?" आन ती आतून म्हणायची, "व्हय आत्या." ही पोर सुखरूप मोकळी व्हावी, तेवढं एकच मागणं व्हतं माझं.

२

माझा भाऊ बिरुदेव सांगोल्याला असतो. त्याच्या शेजारच्यानं डाळिंबाची जुनी बाग काढली, खोडं जेसीबीनं उपटली. बिरुदेव टेंपो भरून ती माझ्याकडं घेऊन आला. म्हणला, "आक्का, वर्षभर बघायला नको." वाळलेली, गाठाळ, हाताला गुळगुळीत लाकडं. मी सगळी इटांवर रचली, पाला घातला, रेघ मारली, फुली मारली.

दुसऱ्या दिवशी राख वाचली, तर पावलंच पावलं. उंदरांची, पालीची, घोणीची, मुंगळ्यांची. मी शिव्या घालतच खाली वाकले. मग नीट बघितलं. सगळी पावलं बाहेर चाललेली. आत जाणारं एक बी न्हाय.

तिसऱ्या दिवशी राख कोरी. चौथ्या दिवशी कोरी. शेडात पाल चुकचुकायची बंद झाली. आमच्या दारात एक मांजर पडलेलं असायचं, त्यानं शेजारचं दार धरलं.

मी तर हरखले. शरणम्माला म्हणलं, "बघितलंस? डाळिंबाच्या लाकडाला कीड शिवत न्हाय." ती अक्कलकोटकडची, शब्द मोजून बोलणारी. थापता थापता थांबली. "केराक्का, मुंगी सुद्धा न्हाय?"

"न्हाय."

"मुंगी कुटं जात न्हाय वो, एवढं पीठ सांडतंय हितं."

"तुला कौतुक करायचं जिवावर येतं," मी म्हणलं.

त्याच आठवड्यात एका लग्नाची मोठी मागणी आली. तीन चुली धडाडून पेटवल्या, हाताला उसंत न्हाय. आन मी आपटायचं सोडलं. लाकडात मुंगी न्हाय, मग आपटायचं कुणासाठी? उचललं की घातलं, उचललं की घातलं. शरणम्मानं दोनदा माझ्याकडं बघितलं.

अकराच्या सुमाराला एक मांडीएवढं खोड मधल्या चुलीत सारलं. जाळ लागला तसा त्यातनं आवाज आला. ओल्या लाकडाचा फुसफुस आवाज मला ठावं हाय, तसला न्हवता. बारीक सुरू झाला, चढत चढत गेला, मधे दम घेतला, आन परत चढला. शरणम्माचे हात पिठात थांबले.

"काढा ते," ती म्हणली.

काढता आलं असतं. अर्धं खोड बाहेरच व्हतं, धरून वढलं असतं तर आलं असतं. पण तव्यावर भाकरी, अजून दोनशे बाकी. मी म्हणलं, "चीक हाय गं लाकडाचा," आन फुकणीनं ते आत ढकललं. आवाज थांबला.

"वाळलेल्या लाकडाला कुटला चीक," शरणम्मा म्हणली, आन तिनं हात धुतले. पीठ अर्धं ऱ्हायलेलं असताना तिनं हात धुतलेले मी अकरा वर्षांत बघितले न्हवते.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनमला चहा द्यायला गेले तर बाजेभोवती राखेची रेघ.

नीट, गोल, कुटं तुटलेली न्हाय. भिंतीच्या बाजूनं बी आत वळवून घेतलेली. आन उशाकडं, दोन टोकं जुळतात तितं, अंगठ्याची फुली.

पूनम जागी व्हती. म्हणली, "आत्या, मुंग्या झाल्यात व्हय? मला उठवलं असतं की, मी पाय वर घेतले असते."

मी चहा खाली ठेवला. फुली माझीच. मी खाली बसून अंगठा त्याच्यावर ठेवला. माझ्या अंगठ्यापेक्षा ती लांब व्हती, आन बारीक.

"तू काढलीस का गं?" मी इचारलं.

"मी? मला खाली वाकता तरी येतंय का?" ती हसायला लागली. हसताना पोट धरून हसली. मी बी हसले, काय करणार. मग झाडू आणून सगळी राख भरली.

दिवसभर मनाची समजूत घालत बसले. रक्तदाबाच्या गोळ्या घेते मी, कधी घेतली तेच विसरते, परत घेते. पहाटे अर्धवट झोपेत उठले असंल, हाताच्या सवयीनं रेघ काढली असंल. सुनेची काळजी, दुसरं काय? पण माझी करवंटी चुलीपाशी पालथी व्हती, तशीच व्हती. आन माझ्या नखांत राख न्हवती. मी दोनदा बघितलं.

४

तिथनं पुढं रोज एक.

एका सकाळी बाज भिंतीपासून वीतभर सरकलेली. मी वीत घालून बघितली, बरोबर वीत. पूनम वर निजलेली असताना बाज सरकली, आन तिला कळलं न्हाय. मी दोन्ही हातांनी ढकलून बघितलं तर लोखंडी कपाटागत जड. मला एकटीला ती जागची हलली न्हाय.

दुसऱ्या दिवशी बाजेखाली कडुलिंबाचा पाला, ताजा. आमच्या गल्लीत लिंबाचं झाड न्हाय. मी पाला आणते तो बाजारातनं, आठवड्यातनं एकदा.

संध्याकाळी कुमार, माझा मुलगा, टॉवेलच्या कारखान्यातनं घरी आला. त्याच्यापुढं सगळं मांडलं. त्यानं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला, तवाच मला कळलं हा काय बोलणार.

"आई, हे तूच करतीस. रेघ तुझी, पाला तुझा. मागच्या वर्षीचं तुझ्या मनातनं गेलं न्हाय. बाळंतपण झालं की तुला एकदा डॉक्टरला दाखवू."

"म्हणजे मी खुळी झाले व्हय रे?"

"तसं म्हणलो का मी?"

तसंच म्हणला व्हता. आन खरं सांगू? मला बरं वाटलं. मी खुळी असले तर पूनमला धोका न्हाय. त्या दिवशी मी देवाला हात जोडले आन म्हणलं, मला खुळी कर.

तिसऱ्या दिवशी बाजेच्या चारी पायांखाली एकेक इट. जमिनीपासून चार बोटं वर.

इटा मी वळखल्या, चुलीच्या धुरानं एका अंगाला काळ्या झालेल्या. तडक शेडात गेले. थप्पीखाली बारा इटा असतात, मोजल्या तर आठ. चुलीकडच्या अंगाच्या चारी गेलेल्या. आन थप्पी तशीच. एक लाकूड घसरलेलं न्हाय. चार इटा गेल्या त्या अंगाला बी थप्पी जमिनीपासून चार बोटं वरच.

मग ती पेललीय कशानं?

मला वाकून बघायचं धाडस झालं न्हाय. लांब दांड्याचं उलथनं घेतलं आन त्या फटीत सारलं. सरळ आत गेलं, मधे कायच आडवं आलं न्हाय. मी हात ढिला सोडला. उलथनं हळूहळू बाहेर आलं, माझ्या पायापर्यंत. मी वढलं न्हवतं.

उन्हं पत्र्यावर आलेली, बाहेर रिक्षांचे हॉर्न, शेजारी रेडिओ चाललेला. सकाळचे नऊ वाजलेले. आन मी शेडात उलथनं धरून उभी.

५

तितंच उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. इटा, वीतभर जागा, पाला, रेघ, फुली. मी सरपण जसं ठेवते तशी कुणीतरी माझी सून ठेवली व्हती. कोरडी, किडीपासून लांब, कामाला येईपर्यंत. आन सरपणाचं पुढं काय करतात ते माझ्याइतकं कुणाला ठावं?

बिरुदेवाला फोन लावला. "टेंपो घेऊन ये आन तुझी लाकडं घेऊन जा."

"आक्का, काय झालं?"

"आधी ये. मग इचार."

"उद्या सकाळी निघतो," तो म्हणला.

पूनमला उद्यापर्यंत ठेवणार न्हवते. तिची बहीण दिपाली मोहोळला असते. म्हणलं, आजच तिकडं पोचवू. शरणम्माला रिक्षा आणायला पाठवलं. तिनं चूल तशीच सोडली आन पळाली.

मी कपाटापाशी पूनमच्या साड्या पिशवीत भरत व्हते, तिच्याकडं पाठ करून. सकाळचे दहा वाजले असतील.

ठक. ठक.

फार मोठा आवाज न्हाय. दाराच्या फळीवर बोटानं वाजवावं तेवढा. माझ्या हातातली साडी गळाली.

"आत्या," पूनम म्हणली. तिचा आवाज लहान पोरीसारखा झालेला. "माझ्या पोटावर कुणीतरी ठोकलं. दोनदा."

मी वळले. ती बाजेवर बसलेली, दोन्ही हात पोटावर. तिच्या मागं, बाज आन भिंत यांच्या मधल्या वीतभर फटीत, कायतरी खाली गेलं. वाळल्या काटकीएवढं बारीक. खाली जाताना ते वाकलं, एका जागी न्हाय, तीन जागी. आन मग फट मोकळी. मी एवढंच बघितलं. जास्त बघितलं असतं तर सांगितलं असतं.

मग एक श्वासभर कायच झालं न्हाय. तो श्वास मला वळखीचा व्हता. आत जीव असंल तर त्याला निघून जाऊ दे.

"आत्या, पाणी गेलं," पूनम म्हणली, आन रडायला लागली.

बाजेखाली कडुलिंबाचा पाला भिजला व्हता.

६

शरणम्मानं आणलेली रिक्षा मोहोळला गेलीच न्हाय, सरळ दवाखान्यात गेली. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली. बारीक, लाल, पण अशी ओरडली की नर्स सुद्धा हसली. दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवली, मग पूनमच्या कुशीत दिली. कुमार रडला. मी रडले. त्या दोन दिवसांत मला वाटलं, सुटलो आपण. बिरुदेवाला बी फोनवर म्हणलं, आता टेंपोची घाई न्हाय.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणले, उद्या घरी जा. मी कुमारला एकीकडं घेऊन सांगितलं, "घरी आणायचं न्हाय. इथनं सरळ दिपालीकडं न्यायचं. का ते इचारू नको, तुझ्या पोरीची शपथ हाय." तो बरं म्हणला. आईचं डोकं फिरलंय, तर फिरू दे, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं व्हतं.

पूनम पांघरुणात कुडकुडत व्हती. ताप न्हवता, नर्सनं दोनदा बघितलेलं. बाहेर मे महिन्याचं ऊन, आन हिच्या अंगावर काटा.

"आत्या, लई गार वाटतंय वो. आतून गार. मला शेक द्याल न्हवं? आई असती तर तिनं बाजेखाली शेगडी ठेवली असती."

मी तिचं पांघरूण सारखं केलं. आमच्यात बाळंतिणीला शेक देतात. तिला बाजेवर निजवायचं, आन खाली शेगडीत इस्तू. त्यासाठीच बाज इटांवर चढवतात. मी नात्यातल्या चार पोरींची बाळंतपणं केलीत, चारींना असा शेक दिलाय. इटांवरची बाज बघून ते माझ्या ध्यानात आलं न्हवतं, एवढंच. आतला जीव निघून कुशीत आला व्हता. आता पूनमचं नुसतं लाकूड ऱ्हायलं व्हतं, आन तेच सरणावर चढायला मागत व्हतं.

"देऊ हं," मी म्हणलं. दुसरं काय बोलणार?

तेवढ्यात झाडूवाली बाई आली. पूनमच्या कॉटखाली झाडू घातला आन माझ्यावर कावली. "आजी, हितं राख कुणी टाकली वो? दवाखाना हाय का चूल हाय?"

मी गुडघ्यावर बसले. रेघ अर्धीच व्हती. उशाकडनं सुरू होऊन कमरेपर्यंत आलेली. टोकं अजून जुळायची व्हती. पदरानं पुसून काढली सगळी. पुसताना हात भाजल्यागत झाला. राख गरम व्हती.

दिपालीचं घर मोहोळला असू दे न्हायतर मुंबईला असू दे. हे तितं बी जाणार. मी पूनमच्या डोक्यावरनं हात फिरवला, नातीचा मुका घेतला. म्हणलं, घरनं जरा कपडे घेऊन येते.

७

घरी आले तवा दुपारचे बारा वाजलेले. चार दिवस चुली बंद, तरी गल्लीच्या तोंडापासनं लाकडाचा वास. शेडाच्या दारात उभी ऱ्हायले. चुली गार. थप्पी अर्धी झालेली. इटा गेलेल्या अंगाला आता ती जमिनीवर टेकलेली व्हती, खालचं पेलणारं निघून गेलेलं.

मधल्या खोलीत गेले. बाजेवर माझीच धुतलेली गोधडी अंथरलेली, सुरकुती न्हाय. पाला ताजा. रेघ पुरी झालेली, नुसती फुली मारायची ऱ्हायलेली. आन बाजेखाली शेगडी. काठोकाठ डाळिंबाचा इस्तू, लालभडक, धूर न्हाय, आवाज न्हाय. इतका चांगला इस्तू मला कधी जमला न्हाय, हे बी मनात आलंच.

मला पळता आलं असतं. पण मी पळाले तर ही बाज मोकळी राहणार, आन कुणाची तरी वाट बघणार. ते खोड पूनमनं चुलीत घातलं न्हवतं. शरणम्मानं काढा म्हणून सांगितलं व्हतं. फुकणी माझ्या हातात व्हती.

कुमारला फोन केला. म्हणलं, "पूनमला इचार, आता गार वाटतंय का?" मग रेघ वलांडून आत गेले, चप्पल बाहेर काढून. बाजेवर बसले, पाय वर घेतले, आडवी झाले. अंगठा खाली सोडला आन फुली मीच मारली. ती बरोबर माझ्या अंगठ्याएवढी उमटली.

फोन कानालाच व्हता. पलीकडनं कुमार म्हणला, "आई, आत्ताच म्हणली, ऊब आली. पांघरूण बी काढलंय. तू कुटं हाईस?"

"घरी हाय रे," म्हणलं, आन फोन ठेवला.

पाठीला ऊब लागायला लागली. भिंतीकडच्या वीतभर फटीत कायतरी हळूच वर आलं. मी तिकडं मान वळवली न्हाय. डोळे वर पत्र्याकडं ठेवले.

ठक. ठक. माझ्या छातीवर, दोनदा.

आन मग ते थांबलं. एक श्वास, सासूनं शिकवलं तसंच.

मी त्या दिवशी थांबले न्हवते.